लखपतच्या ओढ्यातला दगड शाळिग्राम नाही

पनवेलला घरी आलं ते असं: नारायण सरोवरचा प्रसाद, साठ रुपये. भुजची बांधणी ओढणी, घासाघीस करून साडेतीनशे. आणि लखपतच्या ओढ्यातला एक दगड, फुकट. भांडण झालं ते या फुकटच्या दगडावरून.

कच्छला निघालो ते दर्शनालाच. मी, आमचे हे आणि थोरल्या नणंदबाई, मालूताई. बोरिवलीहून भुज, स्लीपरने. पुढे बस स्वस्त पडते, पण ताईंच्या गुडघ्यांपायी गाडी केली. रस्ता सरळ, मोकळा. दशम्या-चटणी घरून न्या, वाटेत चहाशिवाय फारसं काही मिळत नाही.

दर्शन आटोपून लखपतचा किल्ला पाहायला निघालो. वाटेत कोरडा ओढा लागला. इथे पूर्वी समुद्र होता, दगडात शिंपले सापडतात, असं ड्रायव्हर म्हणाला, तशी मी उतरून वेचायलाच लागले. एक सापडला पेढ्याएवढा, झिजून गुळगुळीत, वर पुसट पाच रेघा.

"अगं शैला, शाळिग्राम!" ताईंनी तो पदरातच घेतला. "सुकापूरच्या देवळात बसवू, आपल्या घरच्या नावाने."

"शाळिग्राम काळा असतो, ताई. हा पिवळट आहे."

"उन्हाने उडाला असेल रंग."

हे म्हणाले, "मला तर खडीचा तुकडा वाटतोय."

परतीच्या गाडीतूनच ताईंनी गुरुजींना फोन लावला. गुरुवारी देवळातल्या कोनाड्यात सिमेंटने बसवायचं ठरलंसुद्धा!

घरी येऊन मी दगड धुतला, वाळवला, त्यावर रांगोळी चोळली आणि फडक्याने हलकेच पुसली. खळग्यांत पांढरं राहिलं: पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या दोन्ही कडांना ठिपक्यांच्या ओळी. मग मोबाइलवर चित्रं ताडून पाहिली. शंख नाही, शाळिग्रामात असतं तसं एकही वळण नाही. शिंपल्याला पाच पाकळ्या नसतात. जुळला तो समुद्री अर्चिन, अंगभर काटे असलेला समुद्रातला जीव. काटे गळाले, कवचाचा दगड झाला.

"दहावी शिकलीस आणि देवाला नावं ठेवतेस?" ताई कडाडल्या.

"देवाला नाही ठेवत. पण याला देवाचं खोटं नाव देणार नाही. रोज पूजा करते, म्हणूनच."

"गुरुजींना काय सांगू मी आता?"

"सांगा, शैलाने दिला नाही."

गुरुवारी देवळात गेले, हात जोडले. कोनाडा रिकामाच होता. ताई अजून बोलत नाहीत. नाहीत तर नाहीत.

एक कोडं मात्र राहिलंय. दगडाची खालची बाजू पार झिजलीय. त्या जिवाचं तोंड तिथे मधोमध होतं की कडेला, ते कळलं तर याचा नेमका प्रकार ठरेल. तुमच्याकडे कच्छमधला न झिजलेला असा दगड असेल, तर कागदावर चितारून उलट टपाली कळवा. शाळिग्रामच आहे असं कळवायचं असेल, तर तिकीट वाया घालवू नका.