पाय असलेला मासा

आमच्या मामांना सगळे कोरडेमामा म्हणतात. ते आडनाव नव्हे. जन्म गेला माणसांना नावेतून नदीपलीकडे नेण्यात, पण नाव रंगवायला काढली की ओल्या हाताने कुणी तिच्याजवळ फिरकायचं नाही. मामीने एकदा नावेच्या काठावर चहाचा कप ठेवला, तर जणू तिने नावच बुडवली! "लाकडाला पाणी दाखवलं की रंग रुसतो," हे मामांचं ब्रह्मवाक्य.

यंदा पुढच्या बसायच्या फळीत बोट रुतायला लागलं. मामांनी सगळ्या नावेला इपॉक्सी लावलं. दोन डब्यांतलं एकत्र करून लावायचं, सुकलं की काचेसारखं आरपार आणि कडक होतं. फळी वाचली. ती वाचायलाच हवी होती, कारण तिच्यावर मासा आहे. माझ्या मामेभावाने लहानपणी खिळ्याने कोरलेला, चांगले चार पाय असलेला. नवी फळी खराब केली म्हणून मामांनी तेव्हा त्याला फटकावलं होतं. पुढच्याच वर्षी पोरगा तापात गेला. घरात त्याचा एकच फोटो आहे, तोही हललेला.

पण नुसतं इपॉक्सी उन्हात टिकत नाही. पिवळं पडतं, भुकटी होऊन सुटतं. वरून काहीतरी लावावंच लागतं. रंगाच्या दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. पांढरा रंग लावला तर पुढे बरीच वर्षं बघायला नको, पण मासा त्याखाली गाडला जाणार. पारदर्शक वॉर्निश लावलं तर मासा दिसणार, पण दरवर्षी नवा हात द्यावा लागणार.

"मामा, या वयात कशाला व्याप? रंगच न्या."

मामांनी वॉर्निश उचललं.

"मग आधी पाण्याने खसखसून धुवा," दुकानदार म्हणाला. "इपॉक्सीवर एक तेलकट थर येतो. तो पाण्यानेच जातो, थिनरने नाही."

पालथ्या घड्यावर पाणी! मामांनी घरी येऊन सगळी नाव थिनरने पुसली, पुन्हा पुसली, आणि वॉर्निश लावलं.

ते सुकलंच नाही. मामा रोज बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "हवा दमट आहे, सुकेल." माश्या चिकटून मेल्या, तरी "सुकेल". मला असा राग आला होता! सांगितलं होतं ना दुकानदाराने, असं मी तोंडावर बोलणार होते. पण मामांचा चेहरा पाहिला आणि चिकटलेल्या माश्या वेचायला लागले.

शेवटी दुकानदार स्वतः येऊन बघून गेला. "सगळं खरवडा, घासा, धुवा, मग पुन्हा लावा." पुढच्या फळीवर त्याने अंगठा दाबला आणि त्याचा आवाज उतरला. "ही मात्र आतून भुसा झालीय, मामा. वरच्या पापुद्र्यावर उभी आहे. इथे घासलंत तर मासा जाईल."

"आणि नाही घासलं तर?"

"कच्चं वॉर्निश ऊन अडवत नाही. ऊन खाईल. हळूहळू."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. मामीच म्हणाली, "बाकीची नाव पांढरी करा. तेवढं राहू द्या."

मग कोरडेमामांनी नाव खरवडली आणि तिच्यावर बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. ओतताना ते रडत होते, आणि लपवतही नव्हते.

आता नाव पांढरी आहे, फक्त माशापुरती चिकट. कापड टाकलं की चिकटतं, म्हणून मामा माशाच्या शेजारी बसून वल्हं मारतात, सावली पडावी म्हणून. नाव वाकडी चालते, लोक हसतात. मी माशाला न चिकटता वर उभा राहील असा वाकवलेला पत्रा आणून दिला, तो घरात पडून आहे.

"अगं, राहू दे," मामी म्हणाली. "त्यांना करू दे."

ऊन फिरलं की मामा सरकतात. भर दुपारी सावली पुरत नाही. मग ते वल्हं ठेवून माशावर ओणवे होतात, आणि पलीकडच्या काठावरून माणसं हाका मारत राहतात.