उन्हात राहिलेलं औषध

मँचेस्टरच्या आमच्या मंडळात माझ्या हातात माइक दिला, की तो काढून घ्यायला दोन माणसं लागतात. किस्से सांगावेत तर मीच — हावभावांसकट! पण हा एक मी कधीच रंगवला नाही. बायकोलासुद्धा सांगितलेला नाही. तुम्हाला का सांगतोय? — कोण जाणे.

मी एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिथे नागपूरहून आलेली सुमेधा चेतापेशींवर काम करायची. चेतापेशी एकमेकींना निरोप धाडतात, ते रसायनाच्या हातून. ते रसायन बनवायचं काम एका जनुकाचं, ते इवल्याशा पिशव्यांत भरून ठेवायचं दुसऱ्याचं — आणि गंमत बघा, हे दुसरं चक्क पहिल्याच्या पोटात बसलेलं! सुमेधाचं म्हणणं होतं, आमच्या पेशींत दोघांना एकच हाक जागं करते. ती हाक म्हणजे व्हिटॅमिन एपासून बनलेलं एक औषध. जनुकं जागी झाली की मायक्रोस्कोपखाली हिरवा आणि लाल उजेड दिसणार होता. काळोख्या खोलीत आम्ही दोघं आळीपाळीनं डोळा लावून बसायचो — लांबच्या गावात कुणी दिवे लावतंय का, ते बघत.

दिवे लागले नाहीत. एकदा नाही, तीनदा.

का? — थांबा, सांगतो. ते औषध उजेडात मरतं. त्याची ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्येच ठेवायची, हे नवीन माणसाला मीच शिकवायचो. आणि त्या तीन प्रयोगांच्या आधी एका दुपारी मँचेस्टरला ऊन पडलं. ऊन! मी खिडकीशी उभा राहून कसलासा किस्सा सांगत होतो, आणि तीच ट्यूब — फॉइल काढून — माझ्या नाटकातली अत्तराची बाटली झाली होती. सगळे हसले, सुमेधा सगळ्यात जास्त. मग चहाला गेलो. परत आलो तेव्हा ट्यूब काचेपाशी, तशीच, उन्हात... मी गुपचूप फॉइल गुंडाळलं. पुढचा प्रत्येक थेंब त्याच ट्यूबमधून गेला.

तिला शंका आली होती, बरं का.

"दादा, ट्यूब उजेडात नव्हती ना राहिली?"

"माझ्या हातून? अगं, वेड लागलंय का तुला!" — आणि वर छातीवर हात.

ती हसली. "सॉरी हं, दादा. माझंच काहीतरी चुकतंय."

आमच्या प्रोफेसरबाईंनी ठरवलं, कल्पनेतच दम नाही. सुमेधाचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. व्हिसा त्याच्यावरच होता.

ती गेल्यावर मी नवं औषध मागवलं आणि तिच्याच उरलेल्या पेशींवर घातलं. चौथ्या दिवशी खोलीतले दिवे मालवले. हिरवं. लाल. दोन्ही एकदमच, जिकडे बघावं तिकडे — किती सुंदर होतं ते! मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. मग डिश कचऱ्यात टाकल्या. बोललो का कुणाला? नाही.

सुमेधा आता नागपुरात शिकवते. चुकीची कल्पना वेळेवर सोडता आली पाहिजे, असं विद्यार्थ्यांना सांगते म्हणे. हे तिनंच मला कळवलं, शेवटी हसरा चेहरा टाकून. मी अंगठा पाठवला.

तिची कल्पना चुकीची नव्हती.