तेल गेलं कुठे

सफरचंदांच्या गोदामामागे मशीनघर. तिथे मिस्त्री कॉम्प्रेसरच्या, तेल दाखवणाऱ्या काचेसमोर उकिडवा बसला होता. दाराच्या फटीतून थंड खोलीचं धुकं सरपटत येत होतं, आणि त्याच्यासोबत फळांचा गोडसर वास. मशीन धडधडत होतं, म्हणजे धडधडत असावं. मिस्त्रीला ते हल्ली गोधडीत तोंड घालून कोणी पुटपुटावं तसं ऐकू यायचं. त्याचे कान जात चालले होते, तेही न सांगता, घरच्या माणसासारखे.

आता ऐकू येत नाही म्हटलं तर काय आभाळ कोसळतं? पण नाही. मालकाला कळलं तर तो घरी बसवेल, बायकोला कळलं तर ती काळजीने अर्धी होईल, म्हणून हा बाबा सगळ्यांपुढे नुसती मान डोलवायचा. बायकोने बोलणं कमी करत करत जवळजवळ बंदच केलं. ते त्याला कळत होतं, आतून तुटत होतं, तरी तोंडाला कुलूप.

काचेत तेलाची रेघ पार खाली गेली होती. सकाळीच त्याने वरून तेल ओतलं होतं. खरं तर हाच मिस्त्री जन्मभर दुसऱ्यांना बजावत आला होता, "तेल कमी दिसलं की ओतू नका, आधी गेलं कुठे ते बघा." थंडावा देणारा गॅस पाइपांतून फेरी मारताना थोडं तेल सोबत नेतो आणि परत आणतो. थंड खोलीतल्या जाळीत तो पातळ होऊन येतो, तिथे त्याने उष्णता घेऊन वाफ व्हायचं असतं. तसं न होता तो पातळच परतला, की मशीनच्या पोटातलं तेल धुऊन काढतो. मग आत ठोके पडतात आणि झडपा फुटतात. पेचकसाचं टोक मशीनला, मूठ कानाला लावायची, की ठोका ऐकू येतो.

त्याने मशीनच्या पोटाला तळवा लावला. कोमट हवं ते पोट गार आणि ओलं होतं. पेचकस लावला, तर आत दुपारच्या झोपेसारखी शांतता. तिच्यात बुडून राहावंसं वाटलं त्याला. मशीन बंद करावं, तर मालक विचारणार, काय ऐकलंत? चालू ठेवावं, तर कदाचित मशीनही जाईल आणि त्याच्यासोबत नोकरीही.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. डबा ठेवला आणि न बोलता वळली. मिस्त्रीने तिचा हात धरला आणि पेचकस तिच्या मुठीत दिला.

"जरा ऐक. मला ऐकू येत नाही."

ती चमकली, पण टोक मशीनला टेकवलं. मग कान लावला, डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताची मूठ वळून त्याच्या खांद्यावर हलकेच मारू लागली. ठक. ठक ठक.

त्याने बटण दाबून मशीन बंद केलं.

थंड खोलीत खोक्यांच्या थप्पीमागे पंख्याची तार सुटली होती. वारा नाही, म्हणून जाळीवर बर्फ साचला होता आणि गॅस पातळच परतत होता. दोघांनी पाणी ओतून बर्फ वितळवला. मिस्त्रीने तार जोडली. मालक आला. त्याचा आवाज दणदणीत, तो अजून मिस्त्रीच्या कानापर्यंत पोचायचा.

"मिस्त्री, कळलं कसं तुम्हाला?"

"हिला कळलं. मला बरेच दिवस ऐकू येत नाही."

मालकाने मशीनवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाला, "कानाचं कोणाला तरी दाखवा. आणि तोवर वहिनींना सोबत आणा."

मशीन पुन्हा सुरू झालं, गेलेलं तेल परतलं, तसं मिस्त्रीने सकाळी ओतलेलं जास्तीचं काढून घेतलं. बायकोने पेचकस लावून ऐकलं आणि मिस्त्रीच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेलं.

"शांत आहे." ती तशीच थांबली. "मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

मिस्त्रीचे डोळे भरले. "एवढ्या दिवसांत काय काय बोलली होतीस?"

"सगळं सांगू?"

"सगळं."

तिने एक रिकामं खोकं ओढलं, त्याच्या बऱ्या कानाकडे बसली, डबा उघडला आणि सुरुवात केली.