शेपटीचे हक्कदार

मास्तरांना शेपटी होती. आढेवेढे न घेता हे आधीच सांगितलेलं बरं. दोन बोटं लांब, करंगळीएवढी जाड, हाड नसलेली, पाठीचा कणा संपतो तिथून निघालेली आणि जराशी डावीकडे कललेली. ती हलत नव्हती, दुखत नव्हती, कुणाचं काही वाकडं करत नव्हती. जन्माच्या वेळी सुईणीनं ती पाहिली, बाळ आईच्या कुशीत टाकलं आणि हात धुवायला गेली, ती कितीतरी वेळ हातच धूत राहिली, असं मास्तरांची आई सांगायची. सांगताना स्वतःही नासकं दूध प्यायल्यासारखं तोंड करायची.

मास्तर म्हणजे शिंपी. दवाखान्याच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, एक मशीन, एक कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकाला पँट घालून बघायला कोपऱ्यात एक पडदा. या धंद्यात ते हौसेनं आले नव्हते. शाळेत असताना आईनं त्यांना एका शिंप्याकडे नेलं. त्यानं मागून टेप लावला, त्याचं बोट त्या जागेला लागलं आणि तो टेप सोडून असा मागे सरकला की खुर्ची पडली. त्या दिवसापासून मास्तरांनी दुसऱ्याच्या हातची पँट घातली नाही. स्वतः शिवायला शिकले, मागच्या शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, जास्त सोडून आतून एक छोटा खिसा करायला शिकले, आणि मग पोटासाठी गावाच्या पँटी शिवू लागले. ढेरीखाली पट्टा नेणारे, मागं काहीच नसताना ‘जरा भरल्यासारखं दिसू दे’ म्हणणारे, सगळ्यांची मापं त्यांनी घेतली. माणूस ही काही मोठ्या प्रेमानं घडवलेली वस्तू असावी असं त्यांना त्या टेपावरून कधी वाटलं नाही. कुणी कुणाला ‘शेपूट घातलंस ना’ असं हसत म्हणालं, की मात्र ते मान खाली घालून मशीन जोरात चालवायचे.

त्यांच्या शेपटीचा पहिला धंदा केला तो त्यांच्या थोरल्या भावानं. लहानपणी, या गावात येण्याआधी, परसात मित्र गोळा करून, धाकट्याची चड्डी खाली ओढून, हा दादा एकेकाकडून गोट्या घ्यायचा आणि शेपटी दाखवायचा. गोट्यांनी त्याचा डबा भरला होता. पुढं दादा धार्मिक झाला. प्रार्थनागृहात प्रवचनं देऊ लागला, आवाज भारदस्त झाला, आणि निर्मात्यानं माणसाला आपल्या हातानं, एका दमात, काही कमी-जास्त न ठेवता कसं घडवलं, हे तो इतकं रंगवून सांगायचा की बायका डोळे पुसायच्या. गोट्यांची आठवण त्याला राहिली नसावी. माणसाला जे सोयीचं नसतं ते विसरायला फार कष्ट पडत नाहीत.

किळस नावाची गोष्ट जिला ठाऊकच नव्हती अशी एकच व्यक्ती मास्तरांच्या आयुष्यात आली, ती त्यांची बायको. लग्नाआधी सांगायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. लग्नानंतर तिनं पाहिलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिनं इतकंच विचारलं, “बसताना टोचते का?” दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या स्टुलासाठी मधोमध खळगा असलेली उशी शिवली. पुढं सगळा संसार झाला, उन्हाळ्यात त्या जागी घामोळं आलं की तिनं पावडर लावली, चिघळलं की मलम लावलं, आणि एकदाही तिच्या नाकाला सुरकुती पडली नाही. मुलगी झाली तेव्हा मास्तरांनी आधी तिला पालथी करून पाठ पाहिली आणि रडले. बायको म्हणाली, असती तर असती, पँट शिवणारा घरातच आहे. या बाईच्या चेहऱ्यावर मास्तर जगत होते म्हटलं तरी चालेल. बाकीच्यांचे चेहरे त्यांनी जमेस धरलेच नव्हते.

मुलगी शाळेत गेली आणि तिच्या पुस्तकात मास्तरांना तो धडा सापडला. माणूस आधी काय होता, कसा बदलत आला, अंगावर जुनं काय काय उरलं. त्यांनी तो काजं करता करता वाचला, पुन्हा वाचला. आपण चूक नाही, आपण शिल्लक आहोत, जुन्या ताग्यातला उरलेला तुकडा, असं त्यांना वाटलं. मुलगी पुढच्या वर्गात गेली तरी ते पुस्तक त्यांनी रद्दीत घालू दिलं नाही.

आणि त्याच धड्यावरून गाव पेटलं. दादानं प्रवचनात सांगितलं की आपल्या लेकरांना माकडाची अवलाद म्हणणारं पुस्तक शाळेत चालणार नाही. झालं, शाळेनं पालकांची सभा बोलावली. दोन्ही बाजूंनी बोलायचं, मग हात वर करायचे, आणि त्यावर धडा ठेवायचा की गाळायचा ते ठरणार. माणूस कुठून आला हे हात मोजून ठरवणारी माणसं बघून ज्याला हसू येईल त्यानं हसावं. मास्तरांना हसू आलं नाही.

आधी आला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, त्याच शाळेत विज्ञान शिकवायचा, गाव त्याला सर म्हणायचं. मास्तर विषमज्वरानं पडले होते तेव्हा त्यानंच त्यांचं अंग पुसलं होतं, त्यामुळे त्याला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं त्यानं तोंड उघडलं नव्हतं. ते त्याच्या खात्यावर जमा करायला हवं. आता मात्र तो पडदा ओढून आत बसला आणि म्हणाला की भाऊजी, शाळेच्या समितीच्या पाच जणांपुढे, आडोशाला, फक्त शर्ट वर आणि पँट जराशी खाली.

मास्तरांनी विचारलं की एवढ्यानं धडा खरा ठरतो का. सर खोटं बोलला नाही. तो म्हणाला की धडा खडकांवर, हाडांवर, रक्तावर उभा आहे. तुमची शेपटी नसती तरी तो तितकाच खरा. पोटात असताना तर प्रत्येकालाच काही आठवडे शेपटी असते, मग ती जिरते. तुमची जिरली नाही, बस.

“मग माझी कशाला हवी?”

“खडक बघायला सभेत कोण थांबतंय, भाऊजी? लोकांना दाखवायला काहीतरी लागतं.”

प्रत्येकालाच असते, या वाक्यानं मास्तरांना आतून थंड वाटलं. दादालासुद्धा होती तर. पण ‘दाखवायला काहीतरी’ म्हणताना सराची नजर ज्या पद्धतीनं त्यांच्या कमरेखाली गेली, ती नजर त्यांनी परसात पाहिली होती. त्यांनी त्याला नाही म्हणून सांगितलं.

मग आला दादा. त्याला कुठून तरी सराच्या बेताची कुणकुण लागली होती. धाकट्याच्या दुकानात तो कधी पाय ठेवत नसे. त्या दिवशी मापासाठी म्हणून आला, हात पसरून उभा राहिला आणि टेप छातीवर असतानाच बोलू लागला. धाकट्यानं सभेत उभं राहून सांगावं, की असलं काही माझ्या अंगावर नाही, सगळ्या उठवलेल्या वावड्या. शपथेवर सांगावं.

“पण आहे ना, दादा.”

“असण्या-नसण्याचा प्रश्न कुठं आहे? लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे,” दादा म्हणाला. “निर्माता चुकत नाही. मग तू काय आहेस, असं लोक मला विचारतील. मी काय सांगू?”

ज्यानं तिच्या जोरावर गोट्यांचा डबा भरला, तोच ती नाही म्हणून शपथ घ्यायला सांगत होता, आणि वर डोळ्यांत पाणी आणत होता. मास्तरांना वाटलं, हातातला टेप त्याच्या गळ्याभोवती एकदा गच्च आवळावा. त्यांनी आवळला नाही. कॉलरचं माप घेतलं आणि खडूनं लिहून ठेवलं. एकजण शेपटी उघडी करायला सांगत होता, दुसरा नाकारायला. ती ज्याच्या अंगाला होती त्याला कसं वाटेल, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मास्तरांना दोघांचीही सारखीच शिसारी आली.

आणि त्या शिसारीत त्यांनी एक गोष्ट केली. कुणाला न विचारता जिना चढून वर डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, काढून टाका. डॉक्टरांना नवल वाटलं, पण काम सोपं होतं. जागा बधिर करून त्यांनी ती काढली, टाके घातले. मास्तरांनी खोदून खोदून विचारलं की तिचं काय करणार. कचऱ्यात जाईल, जाळून टाकतील, असं डॉक्टर म्हणाले. घरी मास्तरांनी बायकोला गळू कापल्याचं सांगितलं आणि पट्टी बदलायला दवाखान्यातच जाऊ लागले. तिनं दोनदा मलमाची डबी पुढं केली, दोनदा त्यांनी ती परत ठेवायला लावली. आपण सुटलो, असं त्यांना वाटत होतं. सभेला ते बायकोला घेऊन गेले ते याच धीरावर. आता कुणीही काहीही म्हणो, दाखवायला काही नाही आणि नाकारायलाही काही नाही.

डॉक्टर आणि सर एकाच क्लबात पत्ते खेळायचे, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

सर बोलायला उठला आणि त्यानं पिशवीतून एक काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. ही याच गावातल्या एका माणसाच्या अंगावरून काढली आहे, म्हणाला, नाव मी सांगणार नाही. नाव न सांगण्याचा मोठेपणा त्याच्या चेहऱ्यावर चकाकत होता. मास्तरांच्या टाक्यांत एकदम कळ आली. बरणीत, पिवळट पाण्यात, ती होती. मरून पांढरी पडली होती, पण तशीच डावीकडे कललेली.

दादा पुढं झाला, वाकला, बरणीजवळ डोळे नेले. त्याला ओळख पटायला क्षणही लागला नसणार. सरळ होऊन तो म्हणाला, “डुकराची आहे. कुठल्या खाटकाकडून आणलीत?” सभागृह हसून हसून लोळलं. सर चिडला आणि म्हणाला, मग हातात घेऊन बघा, सगळ्यांनी बघा. बरणी पहिल्या रांगेला दिली गेली आणि हातोहात मागे येऊ लागली.

मास्तर तिच्याबरोबर येणारे चेहरे बघत राहिले. धडा ठेवा म्हणणारे आणि धडा गाळा म्हणणारे वेगवेगळ्या बाजूंना बसले होते, पण बरणी हातात आली की सगळ्यांचं तोंड एकसारखं व्हायचं. नाक वर, ओठ वाकडे, मान मागे. कुणी रुमालानं धरली. एका बाईनं ती धरल्यावर हात खुर्चीला पुसले. एका बाप्यानं ती पोराच्या तोंडासमोर नाचवली आणि पोर किंचाळल्यावर बाप्या पोट दुखेपर्यंत हसला. माणूस माकडापासून झाला की नाही, यावर त्या सभेत दोन मतं होती. ही चीज घाण आहे, यावर एकच होतं.

बरणी मास्तरांच्या रांगेत आली. शेजारी बसला होता तो त्यांचंच गिऱ्हाईक, त्यांनीच शिवलेल्या पँटीत. “धरा मास्तर,” तो म्हणाला, “बघा कसली घाण.” काच इतक्या हातांनी कोमट झाली होती. पुढून दादा बघत होता. सर बघत होता. आजूबाजूचे सगळे, मास्तर काय करतात याची वाट बघत होते, निदान मास्तरांना तसं वाटलं. खरं तर कुणालाच त्यांची पर्वा नव्हती. त्यांनी बरणी धरली, नाक मुरडलं आणि म्हणाले, “शी.” चांगलं मोठ्यानं म्हणाले. शेजारचा समाधानानं हसला. मग त्यांनी ती पटकन पलीकडे बायकोकडे दिली.

बायकोनं बरणी मांडीवर ठेवली आणि पाहिलं. तिला काही कुणी सांगावं लागलं नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, पुढं द्या, आम्हालाही बघू द्या. तिनं पायाशी ठेवलेली पिशवी उघडली, बरणी आत ठेवली आणि पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळून बसली.

हात वर झाले. धडा गाळायचा ठरला. मास्तरांचा हात कोणत्याच बाजूनं वर गेला नाही. दादाला लोकांनी उचलून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. सर गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, ताई, ती बरणी दे, प्रयोगशाळेत ठेवायची आहे. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आल्या वाटेनं गर्दीत परत गेला.

दोघं घराच्या रस्त्याला लागले. मास्तरांना वाटलं, न विचारता कापली म्हणून ती रागावली असेल. त्यांनी मनात उत्तरं जुळवली, दादाचं, सराचं, सगळ्यांचं कसं असह्य झालं होतं ते. शेवटी म्हणाले की मला सांगायचं होतं, पण धीर झाला नाही.

“कापलीत, ते ठीक,” ती म्हणाली. “तुमचं अंग, तुम्हाला सोसवत नसेल. पण ‘शी’ कुणाला म्हणालात?”

 मास्तर म्हणाले, चारचौघांत म्हणावं लागतं. आणि काहीतरी करायचं म्हणून, पिशवी जड असेल म्हणत त्यांनी हात पुढं केला. त्यांची बोटं तिच्या मनगटाला लागली. ती झटक्यात बाजूला झाली, आणि दिव्याखाली त्यांना तिचा चेहरा दिसला. नाक वर, ओठ वाकडे, मान मागे. पुढचा रस्ता तिनं पिशवी छातीशी धरून, त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून चालत संपवला.