माझी भट्टी आणि मायच्या कुरडया

आमच्या अख्ख्या खानदानात लाकूड वाळवण्याचं शिक्षण घेतलेली मी एकटीच. (लाकूड आपोआप वाळतं, असं बाकी खानदानाचं म्हणणं.)

बेंगळुरूहून शिकून आमच्या गावी, कड्याला परतले, तेव्हा आप्पांनी पाहुण्यांना ऐटीत सांगितलं, "पोरगी लाकडात शास्त्रज्ञ झाली!"

"म्हंजी सुतार?" पाहुणे म्हणाले.

त्याच संध्याकाळी आप्पांनी सिरसाळ्याच्या मामाला फोन करून त्याच्या बियाणांच्या दुकानात माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवायला सांगितलं.

मला वाचवलं रशीदचाचांनी. त्यांची गावात सॉमिल. उन्हाळा आला की त्यांच्या चौकटी वाकायच्या आणि गिऱ्हाइकं भांडायला यायची. त्यांनी कडुलिंबाच्या ओल्या फळ्या आमच्याकडे पाठवल्या.

"बेटी, या वाळवून दाखव. एक बी वाकली न्हाई, तडकली न्हाई, तर नोकरी पक्की."

"आन तडकली तर?" आप्पा.

"तर सिरसाळा!" मीच म्हणाले. (काय तो माज!)

गच्चीवर भर उन्हात काळ्या प्लास्टिकची खोली उभी केली, हीच माझी भट्टी. पंखा लावला, फळ्या रचल्या. लवकर वाळाव्यात म्हणून आत अशी ऊब धरली की चहा उकळावा. दार उघडलं की ऊब जाते, म्हणून फळ्यांना लावलेल्या वायरी बाहेर काढल्या आणि यंत्रावर ओल मोजायला लागले. मायला बजावलं, "आत कुणी जायचं न्हाई."

"आत धूळ जाती का गं?"

"न्हाई."

"कावळा?"

"अगं माय, मुंगीसुद्धा न्हाई!" मी छाती फुगवून सांगितलं. ती हे का विचारतीय, हे काही मी विचारलं नाही.

आधी ओल झरझर उतरली. मग एका संध्याकाळी आकडा वर चढला! मी यंत्र आपटलं, वायर बदलली, पंख्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी आणखी वर! रात्री जेवताना मी घरच्यांना कडुलिंबाच्या स्वभावावर व्याख्यान दिलं. "हे लाकूड हवेतलं पाणी ओढतंय. लई दुर्मिळ प्रकार हाय."

माय भाकरी थापता थापता थांबली. "लई ओढतंय का?"

"कावून?"

"काय न्हाई. आपलं इचारलं."

चाचा फळ्या बघायला आले, तेव्हा मी देवाचं नाव घेऊन दार उघडलं. आत अख्ख्या गल्लीच्या कुरडया! फळ्यांवर मायची जुनी लुगडी, लुगड्यांवर कुरडया, आणि कोपऱ्यात शेजारच्या शेवंताकाकूंच्या वेगळ्या.

"माय!"

"वरडू नको. तूच म्हणलीस ना, धूळ न्हाई, कावळा न्हाई? तू दुपारी झोपली की आमी गुपचूप घालायचो."

आप्पांनी मामाला लावायला फोन काढला. चाचा एकेक फळी उचलून, एक डोळा मिटून बघत होते.

"सुभानल्ला! एकदम सरळ. एक चीर न्हाई. क्या किया बेटी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढ्या उष्णतेत फळ्या तडातड तडकल्या असत्या. ओल्या कुरडयांच्या वाफेनं वाचल्या!

"हवा मुद्दाम दमट ठेवली होती, चाचा," मी बेशरमपणे म्हणाले. मायनं फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझं बिंग न फोडता कुरडया गोळा करायला लागली. अशी माय जन्मोजन्मी मिळो! तिला मिठीच मारावीशी वाटली.

आनंदाच्या भरात तिनं लगेच कुरडया तळल्या. चाचांनी मोठा तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबले. त्यांचे डोळे भरून आले.

"भाभी... यात कारलं घातलंय का?"

आप्पांनी चाखली आणि मोरीकडे पळाले. कडुलिंबानं वाळता वाळता सगळा कडूपणा कुरडयांना देऊन टाकला होता. गल्लीचा वर्षाचा साठा गेला!

नोकरी मिळाली. चाचांनी अट एकच घातली, "लाकडाला पाहिजे ते कर बेटी, पण तुझा डबा मला देऊ नको."

शेवंताकाकूंनी मात्र नव्यानं गहू भिजवले आणि माझ्या हातात काठी दिली. त्यामुळं त्या उन्हाळ्यात सोमवार ते शनिवार मी सॉमिलमध्ये लाकूडतज्ज्ञ होते आणि रविवारी काकूंच्या गच्चीवर कुरडयांवरचे कावळे हाकलत होते.