काळी माती निवळली कशी

दौलतराव अंबरपेठचे. आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं मातीचे कण मोजले आणि शेजारच्या टेबलावर माझ्यासारख्या कारकुनाचं जगणं अवघड केलं. लिटरभर पाण्याच्या उंच नळीत माती घुसळायची. चाळीस सेकंदांत वाळू खाली बसते, दोन तासांत पोयटा, मग तरंगत राहते ती चिकणमाती. पाण्यात मापक सोडून आकडा वाचायचा. त्या चाळीस सेकंदांत कुणी खोकलं तर दौलतराव असं बघायचे, की खोकला गिळावा लागे.

निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी नमुना लावलाच. साहेब भाषणाला उभे राहिले आणि हे उठून आत गेले. दोन तास झाले होते ना! परतले ते चेहरा पाडून.

"पाणी निवळलंय," माझ्या कानात म्हणाले.

"निवळू द्या की. बसा."

"अहो, काळी माती दोन तासांत निवळते होय? कण सुटे करणाऱ्या क्षारात भिजवायचीच विसरलो. सगळी गोळे होऊन तळाला गेली. या आकड्यावर तळ्याचा बांध ठरणार आहे!"

"कुणाला कळणार?" असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

आभाराच्या भाषणात त्यांनी तेवढी चूकच सांगितली. त्यांच्या पत्नी विमलाबाई पदराआडून म्हणाल्या, "घरी आजवर एक कबूल केली नाही, आणि इथे माइकवर!"

गळ्यातल्या हारासकट त्यांनी नवा नमुना भिजत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर पहारेकरी अप्पारावनं पाहुण्यांची वही पुढे केली. "साब, अब आप पब्लिक में आते. काम लिखना पड़ता."

दौलतरावांनी लिहिलं : 'राहिलेलं.'

आत त्यांच्या जागी आलेली निशिगंधा. "काका, हात नाही लावायचा हं."

हात मांडीखाली दाबून ते स्टुलावर बसले. तिनं घुसळलं, यांनी सेकंद मोजले. दोन तासांनीही पाणी काळंभोर, गढूळ.

"चिकणमाती अठ्ठावन्न टक्के," ती म्हणाली. "सही माझीच लागेल, काका."

"तुझीच कर. पण शेरा लिही, पहिली चाचणी दौलतरावांनी चुकवली."

"तसा रकाना नाही."

"मागच्या बाजूला लिही."

तिनं लिहिलं.

"तारीख?"

तिनं तारीखही घातली, तेव्हा कुठे ते घरी जेवायला गेले.