पाद्र्याचा मुलगा

सिंगापुरात तुआसच्या जहाजांच्या यार्डात माझ्यासोबत एक स्वीडिश इंजिनियर होता. 'हो' म्हणताना तो श्वास आत ओढायचा, चटका बसल्यासारखा. नवीन माणूस दचकायचा. जेवणाआधी तो क्षणभर डोळे मिटायचा आणि मग मिरची मागायचा.

दोन हजार साली त्याच्या देशात चर्च सरकारपासून वेगळं झालं.

"तुझ्या देवाची सरकारी नोकरी गेली, लाह!" आमचा तिथलाच फोरमन त्याच्या बोलीत म्हणाला आणि हसला.

तो हसला नाही. त्याचे वडील जन्मभर त्याच चर्चचे पाद्री होते, आणि देवाच्या माणसानं सरकारचा पगार घेऊ नये, असं यानं गावच्या वर्तमानपत्रात लिहिलं होतं. तेव्हापासून याचा आवाज ऐकला की वडील फोन ठेवून देत. तरी रोज दुपारी, तिकडे पहाट असताना, तो कॅन्टीनमधून फोन लावायचा.

"चूक झाली म्हणून टाक की," मी एकदा म्हणालो. "मी नाही का, रोज पूजा करतो म्हणून बाबांना खोटंच सांगत?"

"मग ते बोलतील," तो म्हणाला. "पण माझ्याशी नाही."

पुण्याहून बाबा दर रविवारी कोणाशी बोलत होते?

एके दुपारी पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला नाही. तो ताठ उभा राहिला.

"बोल ना," मी पुटपुटलो.

त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला. "थांब. ऐकतायत ते."

मग तो आपल्या भाषेत सावकाश बोलू लागला. शब्द मला कळले नाहीत. पण तो माफी मागणाऱ्याचा आवाज नव्हता.